आधी तास मोजा, मग किलोवॅट

शोरूमच्या कोटेशनमध्ये गाडीची किंमत, विमा आणि नोंदणी यांच्या खाली चार्जरची एक ओळ असते. ग्राहक सगळ्यात कमी विचार तिचाच करतो. मे २०२२ मध्ये टाटाची नेक्सॉन ईव्ही मॅक्स आली तेव्हा ३.३ किलोवॅटचा चार्जर गाडीसोबत मिळत होता आणि ७.२ किलोवॅटचा हवा असेल तर ५०,००० रुपये जादा मोजावे लागत होते. पुढच्या जानेवारीत महिंद्राने एक्सयूव्ही ४०० चे सुरुवातीचे दर जाहीर केले. त्यात ३.३ ची गाडी १५.९९ लाखांना आणि तीच ७.२ सह १६.४९ लाखांना होती. म्हणजे फरक पुन्हा ५०,००० चाच. नंतर आलेल्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या मोठ्या गाड्यांसाठी महिंद्राने चार्जरचे दर गाडीपासून वेगळे लावले : ७.२ चा ५०,००० आणि ११.२ चा ७५,०००.

पंधरा-वीस लाखांचा व्यवहार चालू असताना ही रक्कम किरकोळ वाटते. कुणी ‘एवढे घेतोयच, तर हेही असू द्या’ म्हणून होकार देतो, तर कुणी ‘विक्रेता गळ्यात मारतोय’ म्हणून नकार देतो. हिशेब दोघांनीही केलेला नसतो. तो फार अवघड नाही. आपली गाडी रोज किती किलोमीटर धावते, रात्री किती तास आणि कुठे उभी असते आणि नंतर बदलता न येणारी गोष्ट कोणती, एवढे कळले की निर्णय जवळपास झालाच. किलोवॅटचा आकडा त्यानंतर पाहायचा असतो.

खरा चार्जर कुठे असतो

घरात येणारी वीज एसी असते आणि बॅटरीत साठते ती डीसी. एसीचे डीसी करणारे उपकरण म्हणजे खरा चार्जर. तो गाडीच्या आतच बसवलेला असतो आणि त्याला ऑनबोर्ड चार्जर म्हणतात. भिंतीवर लावायच्या ज्या पेटीला आपण सरसकट चार्जर म्हणतो, ती वीज बदलतच नाही. गाडीसोबत मिळणाऱ्या केबलच्या मध्यावर जो जाड डबा असतो, त्याचेही तेच. अर्थिंग ठीक आहे का हे तपासणे, या लाइनवरून जास्तीत जास्त किती अँपिअर घेता येतील ते गाडीला कळवणे आणि सगळे जुळले तरच वीज सोडणे, एवढेच या पेट्यांचे काम. त्या मर्यादेत किती वीज ओढायची हे गाडी ठरवते.

म्हणून चार्जिंगचा वेग तीन आकड्यांमधल्या सगळ्यात लहान आकड्याएवढा असतो. घरची लाइन किती देते, पेटी किती सोडते आणि ऑनबोर्ड चार्जर किती घेतो, हे ते तीन आकडे. गाडीतला चार्जर ३.३ चा असेल तर भिंतीवर ११ किलोवॅटची पेटी लावूनही गाडी ३.३ नेच भरेल. उलट गाडीत ७.२ चा चार्जर असला आणि आपण तिला साध्या १५ अँपिअरच्या पॉइंटला लावले, तरी ती मुकाट्याने तीन-साडेतीन किलोवॅट घेत राहते. बिघडत काहीच नाही.

आता कोटेशनमधली ५०,००० ची ओळ पुन्हा वाचली पाहिजे, कारण तिचे दोन अर्थ असू शकतात. काही मॉडेलांत जादा पैसे मोजले की गाडीतला ऑनबोर्ड चार्जरच मोठा येतो आणि पेटी त्यासोबत मिळते. काही मॉडेलांत मोठा ऑनबोर्ड चार्जर सगळ्या गाड्यांत आधीपासून असतो आणि पैसे फक्त पेटीचे व ती बसवण्याचे असतात. पुस्तिकेत दोन्हींना ‘एसी फास्ट चार्जर’ असेच म्हटलेले असते. विक्रेत्याला विचारायचा प्रश्न म्हणून नेमका हवा : ‘हा पर्याय घेतला नाही, तर गाडीच्या आतला चार्जर किती किलोवॅटचा येईल?’ उत्तर तोंडी न घेता त्या व्हेरिएंटच्या तांत्रिक माहितीत पाहून घ्यावे.

आतला चार्जर बदलत असेल तर संधी आत्ताच आहे. तो नंतर बदलणे व्यवहारात शक्य नसते आणि त्यातून वॉरंटीचा प्रश्न उभा राहतो. फक्त पेटीचा प्रश्न असेल तर घाई नको. भारतात विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्या एसीसाठी टाइप २ आणि डीसीसाठी सीसीएस २ ही जोडणी वापरतात. त्यामुळे पेटी सहा महिन्यांनी, गरज पटल्यावर, दुसऱ्या कंपनीचीही घेता येते.

नंतर बदलता न येणाऱ्या पर्यायाचे उत्तम उदाहरण अमेरिकेत घडले. शेव्हरोले बोल्ट ही गाडी तिथे २०१७ च्या मॉडेलपासून विकली जाऊ लागली. तिच्यावर डीसी फास्ट चार्जिंगची, म्हणजे केंद्रावरून थेट बॅटरीत वीज घेण्याची, सोय ७५० डॉलर जादा मोजल्यावरच मिळे. रोज घरीच चार्ज करणाऱ्या अनेकांनी ती घेतली नाही आणि पुढे लांबच्या रस्त्यांवर डीसी केंद्रे उभी राहिली तेव्हा या मालकांना ती बसवून घेण्याची सोय नव्हती. २०२२ च्या मॉडेलपासून कंपनीने ती सगळ्या गाड्यांत दिली. आपल्याकडे २०२३ मध्ये आलेल्या एमजी कॉमेटमध्ये डीसी चार्जिंग नाही. १७.३ युनिटांच्या (किलोवॅट-तासांच्या) बॅटरीची ती शहरातली गाडी आहे आणि त्या कामाला ती पुरते. पण तीच घरातली एकमेव गाडी असणार असेल आणि दर दिवाळीला गावी जायचे असेल, तर हे आधी माहीत असायला हवे.

एका रात्रीत किती किलोमीटर

बॅटरी शून्यापासून शंभर टक्के भरायला किती तास, हा आकडा जाहिरातीत ठळक छापलेला असतो. आपल्या कामाला तो सगळ्यात कमी येतो. ४०.५ युनिटांची बॅटरी ३.३ किलोवॅटने भरायला सुमारे पंधरा तास लागतात हे ऐकून माणूस दचकतो. पण रोज रिकामी बॅटरी घेऊन घरी येतो कोण? रात्री भरायची असते ती फक्त त्या दिवशी खर्च झालेली वीज.

मध्यम आकाराची इलेक्ट्रिक गाडी एका युनिटमध्ये, म्हणजे एका किलोवॅट-तासात, साधारण ७ किलोमीटर जाते. गाडी चालवायची पद्धत, वातानुकूलन आणि घाट यांनुसार यात फरक पडतो, पण हिशेबाला ७ धरू. पुण्यात हडपसरहून हिंजवडीला रोज जाऊन-येऊन करणाऱ्याचे जवळपास ६० किलोमीटर होतात. त्याला बॅटरीतले साडेआठ युनिट लागले. एसीचे डीसी होताना दहा-पंधरा टक्के वीज उष्णतेत जाते, म्हणून भिंतीतून दहाएक युनिट घ्यावे लागतात. ३.३ किलोवॅटने हे काम तीन तासांत उरकते. रात्री अकराला लावलेली गाडी दोनला तयार असते आणि सकाळी नऊपर्यंत नुसती उभी राहते.

हेच उलट मांडले तर एक नियम हाताशी येतो. आठ तासांच्या रात्रीत ३.३ किलोवॅटने भिंतीतून २६ युनिट येतात आणि त्यांतले २३ बॅटरीत पोचतात. त्यावर गाडी १६० किलोमीटर जाते. ७.२ किलोवॅटने त्याच रात्रीत साडेतीनशे किलोमीटर मिळतात. ज्याचे रोजचे धावणे १६० च्या आत आहे आणि ज्याची गाडी रात्रभर हक्काच्या जागी उभी असते, त्याला वेगवान पेटीचा रोजच्या वापरात काही फायदा नाही. त्याची झोप चार्जरपेक्षा मोठी आहे.

मग ७.२ कुणाला लागतो? घरात दोन इलेक्ट्रिक गाड्या आणि पॉइंट एकच असेल, तर पहिली रात्री एकला काढून दुसरी लावायला कुणी उठत नाही. गाडी टॅक्सीवर किंवा फिरतीच्या कामाला असेल, दुपारी दोन तासांसाठी घरी येऊन पुन्हा बाहेर पडत असेल, तर त्या दोन तासांत ६ युनिट मिळतात की १४ याने दिवसाचा धंदा बदलतो. बॅटरी मोठी असेल तरी फरक पडतो. ७९ युनिटांची बॅटरी रविवारी रात्री रिकामी होऊन आली आणि सोमवारी पहाटे पुन्हा लांब जायचे असेल, तर ३.३ ला पूर्ण भरायला सत्तावीस तास हवेत. आणि ज्या गावात वीज ठरावीक तासच भरवशाची असते, तिथे मिळालेल्या तासांत जास्त ओढून घेणे हा शहाणपणा आहे.

विजेचा दाबही हिशेबात धरला पाहिजे. १५ अँपिअरच्या पॉइंटवरून ३.३ किलोवॅट मिळतात ते २३० व्होल्टला. गावात संध्याकाळी दाब १९० वर उतरला तर पेटी अँपिअर वाढवून देत नाही, त्यामुळे तेच चार्जिंग २.७ किलोवॅटवर येते. आठ तासांत साडेचार-पाच युनिट कमी पडतात, म्हणजे तीसेक किलोमीटर गेले.

अमेरिकेतला सल्ला इथे का लागू नाही

‘घरी २४० व्होल्टची पेटी घेतल्याशिवाय इलेक्ट्रिक गाडी घेऊच नका’ हा सल्ला व्हिडिओंतून आणि परदेशी राहणाऱ्या नातेवाइकांकडून सर्रास मिळतो. त्यांच्या जागी तो बरोबर आहे. अमेरिकेत घरातला साधा सॉकेट १२० व्होल्टचा असतो आणि त्यातून गाडी सलग १२ अँपिअर घेते. ते झाले १.४४ किलोवॅट. रात्रभरात त्यावर साठ-सत्तर किलोमीटर मिळतात आणि तिथली अंतरे पाहता ते अनेकांना अपुरे पडतात. म्हणून ते कपडे वाळवण्याच्या यंत्रासाठी असते तशी २४० व्होल्टची वेगळी लाइन गॅरेजमध्ये ओढून घेतात.

आपला साधा १५ अँपिअरचा पॉवर पॉइंट त्यांच्या साध्या सॉकेटच्या दुपटीहून जास्त वीज देतो. पहिली पायरीच आपल्याकडे उंच आहे. न्यू जर्सीतल्या चुलतभावाला जी पेटी अत्यावश्यक वाटते, ती नाशिकच्या भावाला चैन ठरू शकते. दोघांचे म्हणणे आपापल्या जागी खरे असते.

पार्किंगमधला पॉइंट

पेटीपेक्षा महत्त्वाची खरेदी कोटेशनमध्ये नसतेच. ती म्हणजे मीटरपासून पार्किंगपर्यंतची वायर, अर्थिंग आणि चांगल्या प्रतीचा सॉकेट.

‘गीझर चालतो त्या पॉइंटवर गाडीही चालेल’ असे वायरमनसुद्धा कधीकधी सांगून जातो. गीझर दोन-तीन किलोवॅट घेतो, पण वीस मिनिटांनी थर्मोस्टॅट त्याला बंद करतो. गाडी तेवढाच भार सलग सहा-आठ तास घेते. वीस मिनिटांत जी वायर कोमट होते, ती आठ तासांत तापते. सगळ्यात आधी सॉकेटच्या आतली सैल पकड आणि प्लगच्या पिना जळतात. म्हणून गाडीसाठी मीटरपासून वेगळी लाइन हवी. १५-१६ अँपिअरसाठी तांब्याची ४ चौरस मिलिमीटरची वायर घ्यावी. ३२ अँपिअरच्या, म्हणजे ७.२ किलोवॅटच्या पेटीसाठी किमान ६ चौरस मिलिमीटरची, आणि अंतर लांब असेल तर आणखी जाड. लाइनला स्वतःचा एमसीबी असावा आणि विजेची गळती ३० मिलिअँपिअर झाली की लाइन तोडणारी आरसीसीबी असावी. एक्स्टेंशन बोर्ड मध्ये येता कामा नये, मग तो कितीही भक्कम दिसो.

काम झाल्यावर वायरमन निघण्यापूर्वी तीन गोष्टी त्याच्यासमोर करून घ्याव्यात. त्याने मल्टिमीटरचे एक टोक सॉकेटच्या न्यूट्रलला आणि दुसरे अर्थला लावावे. काटा किंवा आकडा शून्याच्या जवळ, दोन-तीन व्होल्टच्या आत राहिला पाहिजे. दहा-पंधरा व्होल्ट दाखवत असेल तर अर्थिंग कच्चे आहे. अशा पॉइंटवर गाडीच्या केबलच्या डब्यावरचा लाल दिवा लागतो आणि चार्जिंग सुरूच होत नाही. लोक तेव्हा गाडीला दोष देतात. दुसरे, आरसीसीबीवरचे ‘टेस्ट’चे बटण दाबावे. ती खटकन पडली पाहिजे. तिसरे, गाडी लावून तासभर थांबावे आणि मग प्लगला हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श करून पाहावा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर सॉकेट बदलायचा, आणि त्या रात्री गाडी त्यावर ठेवायची नाही.

काही गाड्यांत चार्जिंगचे अँपिअर पडद्यावरून कमी करता येतात. जुन्या घरात किंवा पाहुणे म्हणून गेलेल्या ठिकाणी वायरिंगची खात्री नसेल तर ही सोय फार उपयोगी पडते. १५ ऐवजी १० अँपिअरवर गाडी हळू भरते, पण वायर गार राहते.

७.२ ची पेटी घेण्याआधी वीजबिल हातात घ्यावे. त्यावर ‘मंजूर भार’ छापलेला असतो. फ्लॅटचा मंजूर भार पाच किलोवॅट असेल तर एकट्या पेटीनेच तो ओलांडला जातो, आणि घरात एसी व गीझर आहेतच. भार वाढवण्याचा अर्ज करावा लागतो आणि तो मंजूर होईपर्यंत पेटी भिंतीवर नुसती लटकते. ११ किलोवॅटच्या पेटीला तर तीन फेजची जोडणी लागते. घरी एकच फेज असेल तर ७५,००० ची ती ओळ वाचून सोडून द्यावी.

मीटर कुणाचा, स्लॅब कुठला

महिन्याला हजार किलोमीटर चालणारी गाडी भिंतीतून साधारण १६० युनिट घेते. ऐकायला हा आकडा लहान वाटतो, पण बिलात तो स्लॅबच्या वरच्या टोकाला जाऊन बसतो. महावितरणच्या २०२४-२५ च्या दरपत्रकात घरगुती ग्राहकाचा ऊर्जा आकार पहिल्या १०० युनिटला ४.७१ रुपये, ३०० पर्यंत १०.२९, ५०० पर्यंत १४.५५ आणि त्यापुढे १६.६४ रुपये होता. वहन आकार वेगळा. ज्या घरात महिना २५० युनिट जळतात तिथे गाडीचे पहिले ५० युनिट १०.२९ ने पडले आणि उरलेले ११० युनिट १४.५५ ने. म्हणजे गाडीच्या विजेचा सरासरी दर वहन आकारासह १४ रुपयांच्या पुढे गेला. ‘माझे घरचे युनिट सात रुपयाला पडते’ असे म्हणणारा एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागत असतो. गाडीचे युनिट सरासरीच्या दराने लागत नाही, ते शेवटच्या स्लॅबच्या दराने लागते. दर पुढे बदलतील, हा नियम बदलणार नाही.

यावर उपाय म्हणजे गाडीसाठी वेगळा मीटर. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या दरपत्रकात इलेक्ट्रिक वाहनांच्या चार्जिंगसाठी स्वतंत्र वर्गवारी आहे आणि तिचा ऊर्जा आकार घरगुती वरच्या स्लॅबपेक्षा बराच कमी असतो. त्या मीटरला स्थिर किंवा मागणी आकार लागतो, म्हणून महिन्याला जेमतेम तीनशे किलोमीटर चालवणाऱ्याला फारसा फायदा होत नाही. हजाराच्या पुढे चालवणाऱ्याने मात्र हिशेब करावाच. केंद्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्राहक हक्कांच्या नियमांत दुरुस्ती करून इलेक्ट्रिक वाहनासाठी स्वतंत्र जोडणी मागण्याचा अधिकार ग्राहकाला दिला आहे. मुंबईत राहणाऱ्यांनी आपला पुरवठादार बेस्ट आहे, अदानी, टाटा पॉवर की महावितरण, हे पाहून त्याचे दरपत्रक काढावे. प्रत्येकाचे आकडे वेगळे असतात.

घराच्या छतावर सौर पॅनेल असतील तर हिशेब उलटतो. आपल्याकडे एक किलोवॅटचे पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिट देते, महिन्याला १२०. गाडीचे १६० युनिट भागवायला सव्वा ते दीड किलोवॅटची भर पुरते. पण नेट मीटरिंगची वजावट ज्या मीटरवर पॅनेल जोडले आहेत त्याच मीटरवर मिळते. वेगळ्या मीटरवरची गाडी त्या सौर विजेचा लाभ घेऊ शकत नाही. सौर असेल तर गाडी घरच्या मीटरवर आणि नसेल तर वेगळ्या मीटरवर, हा साधा नियम. रात्रीचीच वीज स्वस्त असे गृहीतही धरू नये. सौर वीज वाढल्यापासून दिवसाच्या वापराला सवलत देण्याकडे दरपत्रकांचा कल आहे. महावितरणने २०२५ मध्ये स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांसाठी सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सवलत सुरू केली. घरून काम करणाऱ्याची गाडी दुपारीही भरता येते.

सोसायटीत आणखी एक मुद्दा येतो. दहा गाड्यांनी ७.२ ची पेटी लावली आणि सगळ्यांनी रात्री दहाला प्लग लावला तर इमारतीवर ७२ किलोवॅटचा भार एकदम पडतो. त्याच दहा गाड्या ३.३ वर असतील तर ३३. जुन्या इमारतीची मुख्य केबल आणि आवारातला ट्रान्सफॉर्मर यांना हा फरक झेपण्या-न झेपण्याचा असतो. पहिल्या दोन सभासदांना मोठी पेटी लावू देऊन तिसऱ्याला नकार देण्यापेक्षा, सगळ्यांना मीटर रूमपासून १५ अँपिअरची एकेक लाइन आणि पाहुण्यांसह सर्वांसाठी एक-दोन सामाईक ७.२ च्या पेट्या, ही रचना समितीला जास्त झेपते. भार आपसात वाटून घेणाऱ्या पेट्याही मिळतात. चार्जिंग केंद्र चालवायला वीजविक्रीचा परवाना लागत नाही हे ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केले आहे. त्यामुळे सामाईक पेटीचे पैसे सभासदांकडून घेण्यात त्या परवान्याची अडचण नाही.

हायवेवरचा डीसी

डीसी केंद्रावर एसीचे डीसी करण्याचे काम बाहेरच्या मोठ्या कपाटात होते आणि वीज ऑनबोर्ड चार्जरला वळसा घालून थेट बॅटरीत जाते. म्हणून घरी ३.३ घेतला की ७.२, याचा हायवेवरच्या वेगाशी काही संबंध नसतो. गाडीवरची सीसीएस २ ची जोडणी पाहिली की हे डोळ्यांनाच दिसते. वर टाइप २ ची सात छिद्रांची गोल जागा आणि तिच्याखाली डीसीच्या दोन जाड पिनांची जागा.

गाडी निवडताना डीसीचे दोन आकडे पाहावेत. एक, जास्तीत जास्त किती किलोवॅट घेते. दोन, दहा टक्क्यांपासून ऐंशीपर्यंत किती वेळ लागतो. दुसरा जास्त खरा. ऐंशीनंतर गाडीच बॅटरी जपण्यासाठी वेग उतरवते आणि शेवटच्या वीस टक्क्यांना आधीच्या पन्नासाइतका वेळ लागू शकतो. केंद्रावरचा ६० किलोवॅटचा फलकही दोन गनमध्ये (चार्जिंगच्या प्लगमध्ये) वाटला जात असेल, तर शेजारी दुसरी गाडी लागताच आपल्या वाट्याला ३० येतात. मोठ्या बॅटरीच्या गाडीसाठी १२० किलोवॅटचे केंद्र वाटेत आहे का, हे आधी ॲपवर पाहणे शहाणपणाचे. ५० किलोवॅटच घेणाऱ्या गाडीला १२० च्या केंद्राने विशेष फरक पडत नाही.

डीसीची वीज बहुतेक ठिकाणी युनिटला १५ ते २५ रुपये अधिक १८ टक्के जीएसटी अशी पडते. वर्षातून आठ-दहा लांबच्या प्रवासांना ही किंमत खुशाल द्यावी. रोजच्या चार्जिंगचा आधार म्हणून मात्र ती घरच्या विजेपुढे महाग ठरते आणि रांगेत उभे राहण्याचा वेळ वेगळाच. पुणे-कोल्हापूरसारख्या सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरच्या वाटेवर चहाच्या थांब्याला वीस-पंचवीस मिनिटे गाडी लावली की भागते. कंपन्यांची ॲपे वेगवेगळी असतात. निघण्यापूर्वी दोन-तीन घेऊन त्यांत थोडे पैसे भरून ठेवावेत, आणि गाडीसोबतची १५ अँपिअरची केबल डिकीतच असावी. कोकणातल्या घरगुती खानावळीत डीसी नसतो, पण मालकाला विचारले आणि युनिटचे पैसे ठरवले तर एसीचा पॉवर पॉइंट बहुधा मिळतो. रात्रीच्या मुक्कामात १६० किलोमीटर तिथेही जमतात.

कुणी काय घ्यावे

सांगली, सातारा, नाशिक अशा गावी स्वतःचे घर आणि अंगणात गाडी असणाऱ्याने आतला चार्जर मोठा मिळत असेल तर तो घ्यावा, भिंतीवरची पेटी मात्र लगेच घेऊ नये. पंधरा अँपिअरची चांगली लाइन ओढून सहा महिने गाडी चालवावी. किती वेळा सकाळी वीज अपुरी पडली हे त्या काळात आपोआप कळते. एकदाही पडली नसेल तर पेटीचे पैसे सौर पॅनेलवर जास्त उपयोगी पडतील. लाइन ओढतानाच ६ चौरस मिलिमीटरची वायर टाकून ठेवली तर पुढे पेटी लावायला भिंत पुन्हा फोडावी लागणार नाही. या एका ठिकाणी थोडा जादा खर्च आधी करणे स्वस्त पडते.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आणि स्वतःचे ठरलेले पार्किंग असलेल्याने क्रम उलटा ठेवावा. आधी समितीचे लेखी ना-हरकत पत्र, मग मीटर रूम ते पार्किंग वायरचा रस्ता आणि मंजूर भार, मग बुकिंग. शोरूमचा माणूस ‘पेटी आमची माणसे बसवून देतील’ असे सांगतो, पण त्यात विनामूल्य वायरची लांबी बहुतेक वेळा ठरावीक मीटरपर्यंतच असते. आपले पार्किंग मीटर रूमपासून किती लांब आहे हे टेपने मोजून त्याला सांगावे आणि जादा मीटरचा दर कोटेशनवर लिहून घ्यावा. कंपनी पेटी घेण्याची सक्ती करत असेल तर त्या सक्तीतून सूट कोणत्या ग्राहकांना मिळते हे विचारावे. घरी आधीच एक पेटी असेल तर दुसरीची गरज नसते.

ज्याची गाडी रस्त्यावर, रोज वेगळ्या जागी उभी राहते, त्याने चार्जरच्या ओळीवर वेळच घालवू नये. ३.३, ७.२ किंवा ११ यांतला कुठलाच पर्याय त्याच्या उपयोगाचा नाही, कारण त्याच्याकडे गाडी चार्जिंगला लावून ठेवायचे तासच नाहीत. कचेरीत चार्जिंगची पक्की सोय असेल, आणि नोकरी बदलली तरी घराजवळ दुसरी सोय सापडेल, तर गोष्ट वेगळी. ती नसेल तर सगळा भार महागड्या डीसीवर आणि केंद्रावरच्या रांगेवर येतो, आणि पेट्रोलच्या तुलनेत होणारी बचत तिथेच निम्म्यावर येते. अशा घराने पार्किंगचा प्रश्न सुटेपर्यंत थांबावे. पन्नास हजारांची कुठलीही पेटी तो प्रश्न सोडवत नाही.